कोल्हापूर ते जोरहाट: दोन लहान विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढायचा

जयसिंगपूरला एसटी स्टँडच्या अलीकडे माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. शिरोळ तालुका म्हणजे सैनिक टाकळीचा तालुका. इथल्या कितीतरी घरांतली माणसं फौजेत आहेत, त्यामुळे माझ्याकडे तेजपूर, लेह, जोरहाट, बागडोगरा या नावांची विचारणा कायम असते.

एकदा दिवाळीच्या आधी एक काकी आल्या. मुलगा जोरहाटला, त्याच्याकडे पहिल्यांदाच जायचं होतं. त्यांनी पिशवीतून नातवाचा नकाशासंग्रह काढला, काउंटरवर उघडला आणि कोल्हापूरपासून जोरहाटपर्यंत सुतळी ताणून दाखवली. सुतळीच्या दोन्ही टोकांना निळ्या शाईची खूण होती. घरी आधीच मोजून आल्या होत्या.

“एवढंच तर हाय की दादा. विमान तासाला आठशे किलोमीटर जातंय म्हणत्यात. मग सकाळी निघालेलं माणूस रातीला तरी कसंबसं पोचतंय, असं का?”

प्रश्न रास्त होता. त्या दिवशी त्यांच्यासमोर कागदावर जे मांडलं, तेच इथे सविस्तर देतोय. उदाहरण कोल्हापूर–जोरहाटचं आहे, पण रीत कुठल्याही दोन लहान विमानतळांना लागू पडते. कागद, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर जवळ घेऊन बसा.

पहिली पायरी: विमानतळ नेमका कोणता, ते पक्कं करा

गावाच्या नावावर जाऊ नका, कोडवर जा. प्रत्येक विमानतळाला दोन कोड असतात. तिकिटावर छापतात तो तीन अक्षरी: कोल्हापूरचा केएलएच, जोरहाटचा जेआरएच. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष वापरतात तो चार अक्षरी: कोल्हापूरचा व्हीएकेपी, जोरहाटचा व्हीईजेटी. चार अक्षरी कोडची पहिली दोन अक्षरं बघायची सवय लावा. व्हीए म्हणजे पश्चिम भारत, व्हीई म्हणजे पूर्व, व्हीआय उत्तर, व्हीओ दक्षिण. जोरहाट शोधताना हाती व्हीआयने सुरू होणारा कोड आला, तर समजायचं की आपण चुकून जोधपूर उघडलंय. जोधपूरचा तीन अक्षरी कोड जेडीएच आहे, जेआरएचच्या अगदी जवळचा. घाईत बुकिंग करताना डोळा सहज फसतो.

कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला, शहरापासून नऊएक किलोमीटरवर. जोरहाटचा रौरैयाला, तोही शहराला लागूनच. तो हवाई दलाचा तळ आहे आणि मुलकी विमानांसाठी तिथेच वेगळी इमारत आहे. याचा पुढे संबंध येणार आहे.

दुसरी पायरी: अक्षांश-रेखांश घ्या, आणि ते नीट लिहा

विमानतळाचे अधिकृत अक्षांश-रेखांश अंश-मिनिटं-सेकंदांत दिलेले असतात. ते बहुधा धावपट्टीच्या मध्याच्या आसपासच्या बिंदूचे असतात. आपले दोन असे:

कोल्हापूर: १६ अंश ३९ मिनिटं ५३ सेकंद उत्तर, ७४ अंश १७ मिनिटं २२ सेकंद पूर्व.
जोरहाट: २६ अंश ४३ मिनिटं ५४ सेकंद उत्तर, ९४ अंश १० मिनिटं ३२ सेकंद पूर्व.

गणितासाठी यांचे दशांश करायचे. मिनिटांना ६० ने भागा, सेकंदांना ३६०० ने भागा आणि दोन्ही अंशात मिळवा. कोल्हापूरचा अक्षांश होतो १६.६६४७ आणि रेखांश ७४.२८९४. जोरहाटचे २६.७३१७ आणि ९४.१७५६.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ३९ मिनिटं ५३ सेकंद दिसलं की हात आपोआप १६.३९५३ असं लिहून मोकळा होतो. वाटतं, दशांश चिन्हानंतरचे आकडे, काय फरक पडणार? एवढ्याने कोल्हापूरचा विमानतळ नकाशावर ३० किलोमीटर दक्षिणेला सरकतो. अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल झाली तर उत्तर इतकं विचित्र येतं की चूक लगेच कळते. मिनिटांची चूक मात्र कळत नाही, कारण उत्तर खरं वाटण्याइतकं जवळचं येतं. म्हणून हे चार आकडे दोनदा तपासा.

तिसरी पायरी: अंतर काढा

आधी सोपी रीत. ही शाळेतल्या पायथागोरसवर चालते.

उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर, पृथ्वीवर कुठेही. दोन्ही अक्षांशांतला फरक १०.०७ अंश. गुणिले १११ केलं की आले १११८ किलोमीटर. जोरहाट कोल्हापूरच्या एवढं उत्तरेला आहे.

पूर्व-पश्चिम अंशाचं तसं नाही. रेखावृत्तं विषुववृत्तावर सगळ्यात लांब-लांब असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, सोललेल्या संत्र्याच्या फोडींसारखी. म्हणून १११ ला मधल्या अक्षांशाच्या कॉसने गुणावं लागतं. आपले दोन अक्षांश १६.६६ आणि २६.७३, त्यांचा मध्य २१.७. कॅल्क्युलेटर आडवा धरलात की कॉसचं बटण दिसेल. कॉस २१.७ म्हणजे ०.९२९. रेखांशांतला फरक १९.८९. मग १९.८९ गुणिले १११ गुणिले ०.९२९ बरोबर २०५१ किलोमीटर. जोरहाट कोल्हापूरच्या एवढं पूर्वेला.

आता काटकोन त्रिकोण तयार झाला. एक बाजू १११८, दुसरी २०५१. दोघांचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ घ्या. उत्तर येतं सुमारे २३३६ किलोमीटर.

ही सपाट कागदावरची रीत आहे. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे खरं अंतर गोलावरच्या सूत्राने काढायचं. तेही अवघड नाही. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कॉस आणि रेखांशांतल्या फरकाचा कॉस, या तिघांचा गुणाकार करा. दोन्ही गुणाकार मिळवा. आपल्या उदाहरणात पहिला ०.१२९० येतो, दुसरा ०.८०४६, बेरीज ०.९३३६. या बेरजेचा उलटा कॉस घ्या. उत्तर २१ अंश. म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून पाहिलं तर कोल्हापूर आणि जोरहाट यांच्यात २१ अंशांचा कोन आहे. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की अंतर आलं २३३५ किलोमीटर. सपाट रीतीने आलेल्या उत्तरापेक्षा जेमतेम एक किलोमीटर कमी.

देशातल्या देशात सोपी रीत पुरते. दोन विमानतळ तीन-चार हजार किलोमीटरहून लांब असतील किंवा एखादा बराच उत्तरेला असेल, तर मात्र गोलाचं सूत्रच वापरा. तिथे सपाट रीत बरीच चुकते. कॅल्क्युलेटर अंशांवर लावलेला आहे ना, तेवढं पाहा. तो रेडियनवर राहिला तर येणाऱ्या उत्तराला काही अर्थ नसतो.

काकींची सुतळी याच रेषेवर होती. ही रेषा सोलापूरवरून जाते, निजामाबादच्या थोडं उत्तरेने पुढे सरकते, ओडिशा ओलांडून बंगालमध्ये मुर्शिदाबादच्या जवळून जाते आणि बांगलादेशावरून आसामात उतरते. रस्त्याने हेच अंतर तीन हजार किलोमीटरच्या वर जातं, कारण गाडीला सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून वळसा घालून जावं लागतं.

एककांबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जातो. काही संकेतस्थळं हे अंतर १२६१ दाखवतात, काही १४५१. दोन्ही बरोबर आहेत. १२६१ हे सागरी मैल आहेत आणि १४५१ साधे मैल. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, विमानांचा सगळा कारभार त्यातच चालतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने १२६१ हा आकडा किलोमीटर समजून ‘दीड तासात पोचतो’ असं घरी सांगून टाकलं होतं. आकड्यापुढचं एकक वाचल्याशिवाय तो कुणाला सांगू नका.

चौथी पायरी: अंतरावरून वेळ

विमान तासाला आठशे किलोमीटर जातं हे खरं, पण उंचावर पोचल्यानंतर. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, चढणं, उतरणं, पुन्हा इमारतीपर्यंत येणं या सगळ्यात जो वेळ जातो तो अंतराशी बांधलेला नसतो. तीनशे किलोमीटर जायचं असो नाहीतर तीन हजार, तो साधारण तेवढाच. तिकिटावर छापलेला वेळ हा सगळा धरून असतो. विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा.

मी वापरतो तो हिशोब असा आहे. एअरबस किंवा बोईंगसारखं जेट असेल तर अंतराला ८०० ने भागा आणि ४० मिनिटं मिळवा. एटीआर असेल, म्हणजे पंख्याचं विमान, तर अंतराला ४५० ने भागा आणि २५ मिनिटं मिळवा. लहान विमानतळांवर एटीआरच जास्त दिसतं, कारण त्याला छोटी धावपट्टी पुरते. वेळापत्रकांशी ताडून पाहिलंत तर हा हिशोब दहा-पंधरा मिनिटांच्या आत बसतो.

कोल्हापूर–जोरहाट सरळ जेट असतं तर? २३३५ भागिले ८०० म्हणजे २ तास ५५ मिनिटं, अधिक ४०. एकूण ३ तास ३५ मिनिटं. एटीआर या अंतराला चालणारच नाही. भरलेल्या एटीआरचा पल्ला साधारण दीड हजार किलोमीटरचा, मधे तेल भरल्याशिवाय ते आसाम गाठू शकत नाही.

वारा हाही मोठा घटक आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावर, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतो. जाताना तो पाठीमागून ढकलतो, येताना समोरून अडवतो. समजा विमानाचा हवेतला वेग ८३० आहे आणि वारा सरासरी ८० किलोमीटरचा. जाताना जमिनीवरचा वेग ९१० होतो आणि हे अंतर २ तास ३४ मिनिटांत संपतं. येताना तो ७५० वर येतो आणि ३ तास ७ मिनिटं लागतात. नुसत्या वाऱ्याने ३३ मिनिटांचा फरक पडला. मुंबई–गुवाहाटी आणि गुवाहाटी–मुंबई यांचे छापील वेळ शेजारी-शेजारी ठेवून बघा, हाच फरक तिथे दिसेल. म्हणून परतीचा वेळ जाण्याच्या वेळेवरून ठरवू नका.

पाचवी पायरी: खरा मार्ग टप्प्यांनी मांडा

इथपर्यंतचं गणित कुणीही दोन मिनिटांत दाखवेल. अंतर टाका, वेळ मिळेल: ३ तास ३५ मिनिटं. अडचण अशी की या दोन गावांमध्ये सरळ विमान नाही. त्या आकड्यावर विसंबून घरच्यांना वेळ कळवली की गोंधळ ठरलेला. दोन लहान विमानतळांमधला प्रवास मधल्या मोठ्या विमानतळांवरून होतो, आणि खरा वेळ तिथेच जातो.

कोल्हापूरहून हैदराबाद, तिथून कोलकाता, तिथून जोरहाट असा मार्ग धरू. प्रत्येक टप्प्याचं अंतर वरच्याच रीतीने काढलं:

कोल्हापूर–हैदराबाद ४४५ किलोमीटर, एटीआरने १ तास २४ मिनिटं.
हैदराबाद–कोलकाता सुमारे १२०७ किलोमीटर, जेटने २ तास ११ मिनिटं.
कोलकाता–जोरहाट सुमारे ७३५ किलोमीटर, जेटने १ तास ३५ मिनिटं.

अंतरांची बेरीज करा: २३८७. सरळ रेषेपेक्षा फक्त ५२ किलोमीटर जास्त! हैदराबाद आणि कोलकाता दोन्ही सुतळीच्या आसपासच येतात, वळसा असा नाहीच. तरीही विमानात बसण्याचा वेळ ३ तास ३५ वरून ५ तास १० मिनिटांवर गेला. कारण तीनदा चढायचं, तीनदा उतरायचं, आणि त्यातला एक टप्पा हळू चालणाऱ्या विमानाचा.

त्यात दोनदा विमान बदलायचं. प्रत्येक बदलाला अडीच तास धरले की ५ तास आणखी. झाले १० तास १० मिनिटं. जयसिंगपूरहून उजळाईवाडीला जायला तासभर, विमानतळावर दोन तास आधी पोचायचं, आणि जोरहाटला उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडून घरी जाईपर्यंत पाऊण तास. एकूण १३ तास ५५ मिनिटं. आणि हे सगळी विमानं एकमेकांना जुळली तरच. कोलकात्याहून जोरहाटचं शेवटचं विमान आपण पोचायच्या आधी उडालेलं असेल, तर रात्र कोलकात्यात.

काकींना मी दोन आकडे एकाखाली एक लिहून दाखवले. ५२ किलोमीटर, आणि त्याखाली जवळपास १४ तास. त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग सुतळी गुंडाळून पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, “म्हंजे वाट जवळचीच हाय, खोळंबाच लांबचा.” यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

सहावी पायरी: शेवटचा टप्पा आधी बुक करायला घ्या

बहुतेक लोक घराकडून सुरुवात करतात. आधी कोल्हापूरचं विमान बघतात, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. उलटं करा. ज्या टप्प्यावर विमानं सगळ्यात कमी, तो आधी पकडा. हैदराबाद–कोलकाता दिवसभरात अनेक विमानं असतात. कोलकाता–जोरहाट मोजकी. कोल्हापूर–हैदराबादही मोजकीच. म्हणून आधी दोन्ही टोकं पक्की करायची आणि मधला टप्पा त्यात बसवायचा.

आठवड्याचा वारही बघा. लहान विमानतळांवर कितीतरी उड्डाणं रोजची नसतात, आणि वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. दिवाळीचं तिकीट ऑगस्टमध्ये काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ऑगस्टमध्ये दिसणारी वेळ ऑक्टोबरनंतर तीच राहील असं नाही.

बदलासाठी किती वेळ ठेवायचा? एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, तिन्ही टप्पे असतील तर संकेतस्थळ दीड तासाचा बदलही दाखवतं, आणि एरवी तो जमतोही. पण पहिला टप्पा लहान विमानतळावरून असेल तर मी दोन तासांच्या खाली जात नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत तीन तास ठेवतो. लहान विमानतळावर सकाळी धुकं पडलं, पावसाळ्यात ढग खाली आले, किंवा तेच विमान दुसऱ्या गावाहून उशिरा आलं, तर पर्यायी विमान नसतं. मोठ्या विमानतळावर एक विमान रखडलं तर तासाभरात दुसरं सापडतं, इथे उद्यावर जातं. शिवाय लहान विमानतळांच्या कामाच्या वेळा ठरलेल्या असतात. फार उशीर झाला की विमान यायचंच रद्द होतं.

एक पीएनआर की वेगवेगळी तिकिटं, यावर मला पोटतिडकीने सांगायचंय. वेगवेगळी तिकिटं कधीकधी हजार-दोन हजारांनी स्वस्त पडतात. काही वर्षांपूर्वी मी एका जवानाला तशी काढून दिली. सुट्टी संपवून परत हजर व्हायचं होतं. धुक्याने पहिलं विमान अडीच तास उशिरा निघालं. दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर तो धापा टाकत पोचला तेव्हा चेक-इन बंद झालेलं. त्यांच्या हिशोबी तो वेळेवर न आलेला प्रवासी, पैसे बुडाले. दुसऱ्या दिवशीचं तिकीट त्याने दुप्पट दराने घेतलं आणि हजर व्हायची तारीख चुकली. तेव्हापासून नोकरीवर परतणाऱ्या माणसाला मी अशी सुटी-सुटी तिकिटं देत नाही, तो कितीही म्हणाला तरी.

एका पीएनआरवर पहिल्या विमानाच्या उशिराने पुढचं चुकलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. सामानही थेट शेवटच्या विमानतळाचा टॅग लावून जातं. सुट्या तिकिटांवर प्रत्येक ठिकाणी पट्ट्यावरून बॅग उचलायची, बाहेर यायचं, पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा बॅग जमा करायची. विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर डीजीसीए या सरकारी हवाई नियामकाच्या नियमाप्रमाणे प्रवाशाला पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. हे वाक्य लक्षात ठेवा आणि काउंटरवर शांतपणे सांगा. आवाज चढवायची गरज पडत नाही.

सातवी पायरी: शेजारचे विमानतळ ताडून पाहा

जवळचा विमानतळ म्हणजे सोयीचा विमानतळ असं दरवेळी नसतं. कोल्हापूरच्या माणसाला बेळगाव आहे, गोवा आहे, पुणे आहे. जोरहाटच्या बाजूला दिब्रुगड साधारण १४० किलोमीटरवर आणि गुवाहाटी ३०० च्या आसपास.

पुण्याचं गणित करून बघू. जयसिंगपूर–पुणे बसने ५ तास, विमानतळावर २ तास. पुणे–कोलकाता सुमारे १५७५ किलोमीटर, म्हणजे २ तास ३८ मिनिटं. बदल अडीच तास. कोलकाता–जोरहाट १ तास ३५. शेवटी पाऊण तास. बेरीज १४ तास २८ मिनिटं. उजळाईवाडीच्या मार्गापेक्षा फक्त अर्ध्या तासाने जास्त, पण विमानं तीनऐवजी दोन आणि बदल एकच. पावसाळ्यात मी पुण्याचीच वाट सुचवतो. वयस्कर माणूस एकटा निघाला असेल तर मात्र पाच तासांच्या बसपेक्षा कोल्हापूर बरं, घरचं कुणीतरी दारापर्यंत सोडायला येतं.

गुवाहाटीचा पर्याय कोलकाता–जोरहाटची तिकिटं भडकली की कामी येतो. तिथून जोरहाटला रस्त्याने सहा-सात तास, किंवा सकाळची जनशताब्दी. रात्र गुवाहाटीत काढावी लागते हे धरून चला.

आठवी पायरी: घड्याळ आणि सूर्य

कोल्हापूर आणि जोरहाट दोन्हीकडे घड्याळ एकच, पण सूर्य एक नाही. रेखांशाच्या एका अंशाला सूर्य ४ मिनिटं घेतो. आपला फरक १९.८९ अंश, म्हणजे जवळपास ८० मिनिटं. डिसेंबरात कोल्हापूरला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जोरहाटला साडेचारच्या आसपासच. म्हणूनच आसामच्या चहाच्या मळ्यांमध्ये आजही बागान टाइम चालतो, भारतीय वेळेपेक्षा एक तास पुढचा. जोरहाट तर चहाचंच गाव आहे.

याचा उपयोग हा, की ‘पाच वाजता उतरतोय, अजून उजेड असेल’ असं इकडच्या अंदाजाने धरू नका. पुढे गावात किंवा युनिटपर्यंत जायचं असेल तर गाडी आधी सांगून ठेवा. ब्रह्मपुत्रेतलं माजुली बेट बघायचं असेल तर निमाती घाटावरच्या फेरीची शेवटची वेळ आधी विचारून घ्या, अंधार पडायच्या आत ती बंद होते. संध्याकाळी उतरून त्याच दिवशी नदीपार जायचं मनात आणू नका.

सामानाचं थोडक्यात

देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो जमा सामान आणि ७ किलो हातात. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात, मोठी ट्रॉली बॅग तिथे मावत नाही. आपल्याकडची बाई मुलाकडे निघाली की पिशवीत खोबऱ्याच्या वाट्या असणारच. सुकं खोबरं विमानात चालत नाही, हातातही नाही आणि जमा सामानातही नाही, कारण त्याच्या तेलामुळे ते ज्वलनशील धरतात. कांदा-लसूण चटणी आणि लोणचं जमा सामानात टाका, घट्ट झाकणाच्या डब्यात, वर प्लास्टिकची पिशवी बांधून. जोरहाटला उतरल्यावर धावपट्टीचे, विमानांचे फोटो काढू नका. तो संरक्षण दलाचा तळ आहे.

चेक-इन काउंटर बहुतेक कंपन्यांचे सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतात आणि गेट २५ मिनिटं आधी. सुटी-सुटी तिकिटं असतील तर बदलाचे अडीच तास ठरवताना यातला एक तास आपला नाहीच, हे धरा.

परतीचं गणित वेगळ्या कागदावर

परतीला सगळं उलटं होतं. वारा समोरून, त्यामुळे कोलकाता–हैदराबादचा टप्पा हिवाळ्यात वीसएक मिनिटांनी लांबतो. मोजकी विमानं असलेला शेवटचा टप्पा आता हैदराबाद–कोल्हापूर असतो. तो आधी धरा. जोरहाटचं विमान दुपारचं असेल तर त्याच रात्री कोल्हापूर गाठणं बहुधा जमत नाही. मग दोन पर्याय: हैदराबादला मुक्काम करून सकाळच्या विमानाने येणं, किंवा कोलकात्याहून थेट पुणे घेऊन रात्रीच्या बसने पहाटे जयसिंगपूर. तरुण माणूस असेल तर दुसरा. काकींना मी पहिला दिला, कारण त्यांची बहीण हैदराबादला असते.

जाण्याचा कागद आणि येण्याचा कागद, दोन्हींवर तीन-तीन ओळी लिहून दिल्या: विमानाचा नंबर, सुटायची वेळ, पोचायची वेळ. पीएनआर वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात. प्रत्येक ओळीपुढे ते विमान चुकलं तर पुढचं कोणतं, तेही लिहिलं. मोबाइलची बॅटरी संपली तरी हा कागद काउंटरवर दाखवता येतो. काकींनी तो घडी करून नकाशासंग्रहात, आसामच्या पानावर ठेवला.